दात आणि हाड यांच्यामधला बांध

गेल्या पावसाळ्यात, रोप लावणीच्या दिवसांत, आंबा घाटाच्या अलीकडच्या एका वाडीतले एक शेतकरी खालची दाढ दाखवायला माझ्याकडे आले होते. पायाला चिखल तसाच होता. दाढेचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर मोठा करून त्यांच्यासमोर ठेवला. ते बराच वेळ निरखून बघत राहिले. मग मुळाच्या कडेकडेनं फिरणाऱ्या एका बारीक काळ्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, "ही काळी रेघ म्हंजे कीड म्हनायची काय?"

"न्हाई," मी म्हटलं, "ती रेघ आहे ते चांगलंय. ती दिसली नसती तर मला काळजी वाटली असती."

"मग हाय तरी काय ती?"

दवाखान्यात आम्ही तिला 'पीडीएल' म्हणतो. विद्यार्थीदशेत पेरिओडोन्टल लिगामेंट असं पूर्ण नाव पाठ केलेलं असतं. यातलं काहीही त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी विचारलं, "तुमच्या वावराच्या आणि शेजारच्या वावराच्या मधे काय असतं?"

"बांध."

"तोच हा. एका बाजूला दाताचं मूळ, एका बाजूला जबड्याचं हाड, आणि मधे बांध."

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग त्यो कोरत कोन न्हाई?"

शाहूवाडी तालुक्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनाच असा प्रश्न सुचतो. दोन वावरांमधला बांध दर नांगरटीला दोन्हीकडून थोडा थोडा कोरला जातो, मोजणी येईपर्यंत निम्मा उरतो, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. हाड वाढणारं, मुळावरचं आवरणही वाढणारं. दोघं जन्मभर एकमेकांना खेटून. तरी मधली पोस्टकार्डाच्या जाडीएवढी जागा साठ-सत्तर वर्षं मोकळी राहते कशी? ती कोण राखतं? त्या दिवशी मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिलं आणि ते माझं मलाच पुरेसं वाटलं नाही. हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सुरुवात एका गैरसमजापासून करावी लागते. दात हाडात रोवलेला असतो, भिंतीत खिळा ठोकावा तसा, असं आपण सगळे धरून चालतो. 'दात घट्ट रोवलेत' हे आपण कौतुकानंच म्हणतो. प्रत्यक्षात निरोगी दाताचं मूळ हाडाला कुठंही टेकत नाही. जबड्याच्या हाडात दाताच्या आकाराची खोबण असते आणि त्या खोबणीत दात असंख्य तंतूंनी टांगलेला असतो. खोबणीची भिंत आणि मूळ यांच्यातलं अंतर साधारण ०.१५ ते ०.३८ मिलिमीटर. मुळाच्या मध्यावर ते सगळ्यांत कमी, वरच्या आणि खालच्या टोकाला थोडं जास्त.

ज्यांच्या घरी अजून सुंभाची बाज आहे त्यांना हे चटकन समजेल. बाजेवर माणूस बसला की त्याचं वजन खाली जातं, पण चौकटीला मात्र ताण बसतो तो आतल्या बाजूला ओढणारा. दाताचंही तसंच. मुळाभोवतीचे बहुतेक तंतू तिरपे असतात, हाडाकडे वर आणि मुळाकडे खाली. भुईमुगाची शेंग दाढेखाली फोडली की दाढ खोबणीत किंचित खाली दबते, तंतू ताणले जातात आणि हाडाला मिळते ती ओढ. सतत दाब पडला की हाड झिजतं, ओढ मिळाली की ते टिकतं, घट्ट होतं. जन्मभर चावूनही खोबण खचत नाही, त्याचं एक कारण ही मांडणी. तंतूंच्या मधे रक्तवाहिन्या आणि द्रव असतो, तो धक्का आणखी मऊ करतो.

या तंतूंची टोकं एका बाजूला हाडात आणि दुसऱ्या बाजूला मुळावरच्या सिमेंटम नावाच्या आवरणात घट्ट पुरलेली असतात. पुरलेल्या टोकांना शार्पीचे तंतू म्हणतात. विल्यम शार्पी (१८०२–१८८०) हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीररचना शिकवणारे स्कॉटिश प्राध्यापक. मला यातली खरी नवलाची गोष्ट वेगळी वाटते. हे तंतू एकदा विणून झाले की संपलं, असं नाही. शरीरात जिथं जिथं कोलॅजन आहे, तिथल्यापेक्षा इथली मोडतोड आणि नवं विणकाम फार वेगानं चालतं, त्वचेपेक्षाही वेगानं. रोज थोडं सुंभ काढायचं आणि नवं ओवायचं. कोलॅजन विणायला क जीवनसत्त्व लागतं. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांना लिंबू-फळ मिळायचं नाही, स्कर्व्ही व्हायचा आणि दात हलून पडायचे ते यामुळेच. जुने तंतू मोडत राहिले, नवे विणायला माल नव्हता.

आता बांध कोण राखतं, त्याकडे येते.

इथं एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शरीरात चुनखडीसारखे क्षार जमून कठीण होणं हे काही विशेष अवघड काम नाही. दोन कठीण होत जाणाऱ्या पृष्ठभागांच्या मधे सापडलेला मऊ भाग शेवटी कठीण होऊनच बसावा, हे खरं तर अपेक्षित. शिवाय इथल्या पेशींमध्ये हाड आणि सिमेंटम तयार करण्याची क्षमताही असते. म्हणजे बांधावरच पीक काढता येईल असं बी बांधातच पडलेलं आहे. तरी ते उगवत नाही. बांध मऊ राहणं ही आपोआप घडणारी गोष्ट नसून ते सतत चालणारं काम आहे. या ऊतीतल्या पेशी काही प्रथिनं बनवतात, जी क्षार जमू देत नाहीत. त्यातलं अ‍ॅस्पोरिन हे जपानी संशोधकांनी बारकाईनं अभ्यासलेलं. आणि या पेशींच्या जोडीला, मुळाच्या अगदी लगत, आणखी एक जुनं पथक आहे.

त्यांची गोष्ट दात तयार होण्याच्या काळापासून सुरू होते. मूळ कुठवर जायचं, किती फाटे फुटायचे, हे ठरवणारी पेशींची एक पातळ झालर वाढत्या दाताच्या खालच्या टोकाला असते. ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं ती ओळखली जाते. मूळ आकाराला आलं की या झालरीचं काम संपतं आणि ती फाटते. पण सगळी नाहीशी होत नाही. तिचे तुकडे मुळाभोवती जाळ्यासारखे राहतात, कोळ्याच्या जाळ्याचे धागे तुटून लोंबावेत तसे. १८८५ साली लुई-शार्ल मालासे (१८४२–१९०९) या फ्रेंच संशोधकानं प्रौढ माणसाच्या मुळाभोवती हे पुंजके आहेत असं दाखवून दिलं. कोंड्याशी संबंध असलेल्या मॅलॅसेझिया या बुरशीला नाव मिळालं ते याच माणसाचं.

पुढची बरीच वर्षं दंतवैद्यकात या पुंजक्यांची ओळख चोरासारखीच होती. दाताच्या मुळाशी जंतू पोचून सूज राहिली की हे झोपलेले पेशी-पुंजके जागे होतात, वाढतात आणि मुळाच्या टोकाशी पाण्याची गाठ तयार होते. ते खरंच आहे, अशा गाठी मी स्वतः काढल्या आहेत. मात्र नंतरच्या संशोधनानं त्यांची दुसरी बाजू समोर आणली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात उंदरांच्या खालच्या जबड्याचा मज्जातंतू तोडला. मुळाभोवतीचे मालासेचे पुंजके कमी झाले आणि जिथं ते कमी झाले तिथं बांध अरुंद होत जाऊन मूळ हाडाला चिकटलं. बांधावरचे राखणदार उठून गेले आणि नांगर आत घुसला. प्राण्यांवरच्या एका प्रयोगावरून सगळं सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. पण हे उरलेसुरले तुकडे निरुपयोगी अवशेष नाहीत, ते हाडाला अंतरावर ठेवायला हातभार लावतात, याकडे बोट दाखवणारा पुरावा असाच साठत गेला आहे आणि मला तो पटतो.

राखणदारीला तिसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वापर. समोरचा दात काढून टाकला आणि एखाद्या दाढेला चावायला जोडीदार उरला नाही की काही काळानं तिच्याभोवतीची काळी रेघ बारीक होते. बाजेवर कुणी झोपलंच नाही तर सुंभ ओढून घट्ट करायला कोण जातं?

बांध मोडला की काय होतं, हे मी पुस्तकात दोन स्वतंत्र भागांत लिहिलं आहे, कारण मोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली सगळ्यांच्या ओळखीची. हिरडीच्या कडेला कीटण साठतं, जंतू आत उतरतात, हिरडी सुजते, रक्त येतं, आणि हळूहळू मुळाला धरणारे तंतू तुटत, हाड खाली सरकत जातं. बांध वाहून जातो. दात हलायला लागतो. श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० कामगारांचा नॉर्वेच्या हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षं पाठपुरावा केला. या लोकांनी कधी दंतवैद्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं, ब्रश माहीत नव्हता, सगळ्यांच्या दातांवर कीटण होतं. तरी जवळजवळ ११ टक्के लोकांच्या मुळाभोवतीची पकड फारशी ढासळली नाही, ८ टक्के लोकांची मात्र झपाट्यानं गेली. बाकीचे मधे. म्हणजे कीटण हे कारण खरंच, पण कुणाचा बांध किती भक्कम यातही माणसामाणसांत फरक असतो. याचा अर्थ ब्रश सोडून द्यावा असा मात्र होत नाही. आपण ११ टक्क्यांतले की ८ टक्क्यांतले, हे कुणाला आधी कळत नसतं.

मलकापूरच्या आसपास या पहिल्या तऱ्हेला हातभार लावणारी एक सवय आहे आणि तिच्याबद्दल मी मोकळेपणानं लिहिलं आहे. मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून डबीत भरायची आणि तर्जनीनं दातांना, हिरडीला घासत बसायचं. सकाळी एकदा म्हणून सुरू होतं ते दिवसातून चार-पाच वेळांवर जातं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मावश्या आणि आज्या पदराआड डबी लपवतात. मी बाई आहे म्हणून त्यांच्यातल्या काही जणी मला सांगतात तरी, की मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, काम सुचत नाही. ही तंबाखूची ओढ आहे, त्यांचा दोष नाही. पण जिथं बोट फिरतं तिथली हिरडी खाली उतरते, मूळ उघडं पडतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. कुणाच्या आईच्या, सासूच्या डबीबद्दल बोलायचं झालं तर हे प्रकरण त्यांना वाचून दाखवा, एवढी माझी विनंती आहे.

दुसरी तऱ्हा फार थोड्यांना माहीत आहे, आणि हे पुस्तक लिहायला मी बसले ते मुख्यतः तिच्यासाठी.

काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. उतारावर सायकलवरून पडला होता आणि वरचा पुढचा दात मुळासकट निघून आला होता. पडून एक रात्र उलटली होती. आजीनं तो दात शोधून काढला होता, मातीत लडबडलेला होता म्हणून नळाखाली धरून ब्रशनं घासघासून लख्ख केला होता आणि स्वच्छ रुमालात बांधून आणला होता. तिनं तो रुमाल माझ्या हातात ज्या काळजीनं ठेवला ती मी विसरलेले नाही. दात पांढरा स्वच्छ होता. मुळावर लालसर पापुद्र्याचा मागमूसही नव्हता.

तो लालसर पापुद्रा म्हणजेच बांध. नुकता काढलेला दात उजेडाकडे धरून बघितला की मुळावर पाण्यात भिजलेल्या मलमलीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. अर्धा बांध दाताबरोबर बाहेर आलेला असतो, अर्धा खोबणीत राहिलेला. त्यातल्या पेशी जिवंत असतील आणि दात परत जागेवर बसवला तर दोन्ही अर्धे पुन्हा जुळतात. १९६१ साली हाराल्ड लो आणि येन्स व्हेरहॉग यांनी कुत्रे आणि माकडांचे दात काढून परत बसवून नेमकं हेच दाखवलं: मुळावरची ऊती जिवंत राहिली तिथं दात वेगळाच राहिला, आणि ऊती मेली तिथं दात हाडाला चिकटला. डेन्मार्कचे येन्स ओव्हे आंद्रिआसन यांनी उडालेल्या आणि परत बसवलेल्या ४०० पुढच्या दातांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून ठसठशीतपणे पुढं आलं ते हेच, की दात तोंडाबाहेर किती वेळ आणि कशात राहिला यावर पुढचं बरंचसं ठरतं. उघड्या हवेत कोरडा राहिला तर तासाभरात मुळावरच्या पेशी जगण्यापलीकडे जातात.

त्या मुलाचा दात मी तरीही बसवला, कारण जागा रिकामी ठेवण्यापेक्षा तेवढी वर्षं तरी हाड टिकतं. दात घट्ट बसला. इतका घट्ट, की घरच्यांना आनंद झाला. सव्वा वर्षानं मी आरशाच्या दांड्यानं त्याच्या दातांवर हलकेच ठोकून पाहिलं. शेजारच्या दातांचा आवाज बसका, 'टक' असा येत होता. या दाताचा आवाज वेगळा होता, पितळी भांड्याला नख लावल्यासारखा 'टिण'. एक्स-रेमध्ये काळी रेघ कुठंच नव्हती. पुढच्या दोन वर्षांत जबडा वाढत गेला, शेजारचे दात त्याच्याबरोबर खाली आले आणि हा मात्र जिथल्या तिथं राहिला, रोज थोडा आखूड दिसत.

का असं होतं हे समजून घेण्यासारखं आहे. हाड स्वतःला सतत मोडून पुन्हा बांधत असतं, जुना भाग पोखरणाऱ्या पेशी आणि नवा भरणाऱ्या पेशी जोडीनं चालतात. मुळावरचं सिमेंटम तसं करत नाही, ते फक्त थरावर थर चढवतं. मधे बांध आहे तोवर पोखरणाऱ्या पेशींना मुळाची हद्द ठाऊक असते. बांध गेला की त्या मुळाला हाडच समजतात. थोडं मूळ पोखरायचं, तिथं हाड भरायचं, पुन्हा थोडं पोखरायचं. हाडाच्या दुरुस्तीचा हा रोजचा कारभार असतो, त्यात रोग असा काही नसतो. वाढत्या मुलांत हा कारभार वेगवान, म्हणून काही वर्षांत मूळ संपतं. मोठ्या माणसांत तो सावकाश चालतो. शेवटी वरचा भाग तेवढा उरतो आणि एके दिवशी मोडून पडतो. सात-बारा कुणाच्या नावावर आहे हे न बघता सगळं वावर एकाच नांगरानं नांगरलं जावं, तसं.

त्या आजीला मी कधी सांगितलं नाही की ब्रश लावला नसता आणि दात दुधात टाकला असता तर वेगळं काही घडू शकलं असतं. तिला आधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. शाळेत, तालमीत, दूध संकलन केंद्रावर, कुठंही हे लिहिलेलं तिनं बघितलेलं नव्हतं. हे ज्यांना माहीत होतं त्या आम्हा लोकांचं ते काम होतं. म्हणून इथं, प्रस्तावनेतच सांगून टाकते, पुढचं पुस्तक कुणी वाचलं नाही तरी चालेल.

पक्का दात मुळासकट पडला तर तो दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधानं किंवा त्याच माणसाच्या लाळेनं हलकेच धुवा. घासू नका, राख, मीठ, साबण काही लावू नका. जमलं तर तिथल्या तिथं दात परत खोबणीत बसवा आणि रुमाल चावायला सांगा. नाही जमलं तर गार दुधात बुडवा आणि तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. दुधाची आम्लता आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाण त्या पेशींना मानवणारं असतं. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात. पिशवीतलं दूध चांगलं, नसेल तर तापवून गार केलेलं घरचं घ्या. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

कोल्हापूर जिल्ह्यात दुधाची वाण कधी नसते. गोकुळ, वारणा यांची संकलन केंद्रं वाडीवस्तीपर्यंत पोचली आहेत, सकाळ-संध्याकाळ कॅन भरतात. तालमीत तर थंडाईसाठी दूध असतंच. पोरांचे दात सगळ्यांत जास्त उडतात ते कबड्डीत, कुस्तीत, सायकलवर आणि आता मोटारसायकलवर. म्हणजे औषध अपघाताच्या जागेपासून दोन हातांवर आहे. प्रत्येक वस्तादाला आणि प्रत्येक खेळाच्या शिक्षकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

परत बसवलेल्या दाताला आम्ही शेजारच्या दातांशी तारेनं बांधतो, ते साधारण दोनच आठवडे, आणि तेही किंचित हलू देणाऱ्या तारेनं. घरच्यांना वाटतं अजून घट्ट, अजून महिनाभर बांधावं. पण बांधाला जिवंत राहायला हालचाल लागते. दात पक्का आवळला तर तो हाडाला चिकटायची वाट मोकळी होते.

दातांच्या तारा हेही याच बांधाचं काम. दहावीतल्या मुली तारा लावून येतात, दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतात, आणि पालकांना वाटतं दात हाडातून ओढला जातोय. दात हाडातून जात नाही. एका बाजूला बांध दाबला जातो आणि तिथलं हाड मागे हटतं, दुसऱ्या बाजूला बांध ताणला जातो आणि तिथं नवं हाड भरतं. सगळी वस्तीच सावकाश सरकते. १९०४-०५ मध्ये कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्याच्या दातांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दाखवलं. हाडाला चिकटलेला दात तारेनं कधीच हलत नाही.

मग स्क्रूचे दात? हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो, आणि त्यात एक अपेक्षा असते की हाडात पक्का बसवलेला दात देवाच्या दातापेक्षा बळकट असणार. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून हाडातलं रक्ताभिसरण बघत होते. काम संपल्यावर ती नळी निघेना, हाड तिच्याशी एकजीव झालं होतं. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळं बसवली. ही विद्या मोठी आहे आणि ज्यांचे दात गेले त्यांना ती मी आनंदानं सुचवते. पण तिथं बांध नाही. जिवंत दात चावताना शंभर मायक्रॉनपर्यंत दबतो, स्क्रू तीन ते पाच. बांधात मज्जातंतूंची टोकं असतात, ताण जाणणारी. आपल्या तालुक्याच्या भातात बारीक खडा आला की जबडा आपोआप उघडतो, विचार करायच्या आधीच. तो निरोप या बांधातून जातो. दोन दातांमध्ये धरलेली मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी पातळ पन्नीसुद्धा माणसाला साधारणपणे जाणवते. स्क्रूच्या दाताला ती अडीचपट तरी जाड लागते. आणि वाढत्या मुलाला तर स्क्रू बसवताच येत नाही, कारण आजीच्या रुमालातल्या त्या दातासारखाच तो मागे राहतो.

पुस्तकाचा शेवटचा भाग प्राण्यांवर आहे आणि तो लिहिताना मला सगळ्यांत जास्त सुख मिळालं. कुंपणावर मान हलवत बसणाऱ्या सरड्याचे दात जबड्याच्या कडेला थेट जोडलेले असतात, मधे बांध नाही. सापाचेही हाडाला चिकटलेलेच. सापाचा तर एक गेला की दुसरा दात उगवतो, मग बांधाचा खटाटोप कशाला, असं उत्तर मी बरीच वर्षं देत होते. पण सांगली-भिलवडीच्या कृष्णेतल्या मगरीनं ते उत्तर मोडलं. मगरीचे दात आयुष्यभर पुन्हा पुन्हा बदलतात आणि तरी ते आपल्यासारखेच खोबणीत, तंतूंनी टांगलेले असतात. २०१८ साली आरन लब्लाँ, रॉबर्ट राइझ आणि सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांच्या लुप्त पूर्वजांचे दात कापून पाहिले. त्यांच्यात दात आधी तंतूंनी टांगला जायचा आणि नंतर ते तंतूच कठीण होऊन दात हाडाला चिकटायचा. चिकटणं ही शेवटची पायरी होती. आपल्या वंशात ती पायरी लांबत लांबत गेली आणि अखेर राहूनच गेली. आपला दात हा त्या अर्थानं चिकटायच्या आधी थांबलेला दात आहे, आणि त्या थांबण्याची राखण रोज चालू आहे.

शब्दांबद्दल थोडंसं. हिरडी, दाढ, सुळा, अक्कलदाढ, कीटण हे शब्द आपल्याकडे आहेत, कारण ते दिसतं किंवा दुखतं. या पापुद्र्याला बोलीत नाव नाही, कारण तो कधी दिसलाच नाही. परिभाषेतले शब्द मी वापरून बघितले आणि दवाखान्यात कुणाला ते कळले नाहीत. म्हणून पुस्तकभर मी 'बांध' हाच शब्द ठेवला आहे. तो त्या शेतकऱ्याच्या प्रश्नातून पक्का झाला, माझ्या एकटीचा नाही.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक करा. घरात कुणाचा तरी दातांचा जुना एक्स-रे असेल, पाकिटात घडी करून ठेवलेला. तो खिडकीशी, उजेडाकडे धरा. मूळ पांढुरकं दिसेल, त्याच्या बाहेर हाडाची पांढरी कड, आणि दोन्हींच्या मधे, अगदी बारीक, वरून खाली जाऊन पुन्हा वर येणारी काळी रेघ. ती नीट सापडेपर्यंत पान उलटू नका.

मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर